अकरावीला कॉनिक सेक्शनवर (शांकव, म्हणजे शंकू कापून मिळणारे वक्र) प्रोजेक्ट द्यायचाय, थर्माकोलचं मॉडेल सोडून काय करता येईल?

थर्माकोल सोडून म्हणालात म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांकडे मी फिरकत नाही.

गच्चीवर बंद पडलेली डीटीएचची डिश शोधा. झालं, प्रोजेक्ट मिळाला. मोबाईलवर सगळं दिसायला लागल्यापासून अर्ध्या बिल्डिंगांवर या डिश नुसत्या गंजतायत, कोणी नाही म्हणणार नाही.

माझ्या भाचीने अकरावीत हेच केलं होतं. दाजींचं, म्हणजे तिच्या वडलांचं म्हणणं होतं की स्टेशनरीच्या दुकानात तयार मॉडेल मिळतं, शंकू आणि त्याचे चार काप रंगवलेले, ते आणायचं, फाईलला कव्हर घालायचं आणि तेवढ्या वेळात जेईईचे एमसीक्यू सोडवायचे. कॉनिक्स म्हणजे फॉर्म्युल्यांचा चॅप्टर, पाठ केला की मार्क, हे त्यांचं आवडतं वाक्य. मी म्हणलं पाठ तर ती करेलच हो, पण एकदा हाताने मोजू तर दे. यावरून जेवणाच्या ताटावर वाजलं आमचं, ताई मध्ये पडली म्हणून मिटलं. मिटलं म्हणजे काय, दोघं गप्प बसलो.

तर ती डिश. पहिली गोष्ट, ती गोल नसते. लांबून गोल वाटते पण टेप लावा, आमची रुंदीला 60 सेंटीमीटर होती आणि उंचीला 66. कारण ती पॅराबोला फिरवून होणाऱ्या मोठ्या वाडग्याचा बाजूचा एक तुकडा असते, तिरपा कापलेला, म्हणून कड एलिप्स येते, आणि अक्षाच्या दिशेने बघितलं की तीच कड वर्तुळ दिसते. म्हणजे एका भंगार डिशमध्ये तीन शांकव तसेच मिळाले. 60 भागिले 66 केलं की तिरपेपणाच्या कोनाची कोसाईन व्हॅल्यू मिळते, कोन येतो साधारण साडेचोवीस अंश. तो बाजूचा तुकडा का घेतात, तर एलएनबी, म्हणजे डिशसमोर दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, मधोमध आला तर सिग्नलच्या वाटेत त्याचीच सावली पडते, म्हणून फोकस, म्हणजे सिग्नल जिथे एकवटतो तो बिंदू, खालच्या बाजूला सरकवलेला असतो. डिश शेजारच्या बिल्डिंगकडे तोंड करून उभी आहे असं वाटतं ना, ती खरं तर त्याच्या बरीच वर, आकाशात बघत असते.

मग कडेवर आडवी सुतळी ताणून पट्टीने खोली मोजायची, सगळ्यात खोल जागा शोधून. आमची साडेपाच सेंटीमीटर आली. फोकल लेंथ (पॅराबोलाच्या टोकापासून फोकसपर्यंतचं अंतर) = रुंदीचा घन भागिले (16 गुणिले खोली गुणिले उंची). आकडे घातले की 37 सेंटीमीटरच्या आसपास येतं. हे सूत्र नुसतं उतरवू नका, काढून दाखवा. x²=4ay मध्ये तिरपी रेषा घातली की दोन ओळींत सुटतं, तुमच्या पुस्तकात आहे तेवढ्यावरच. आणि मग गंमत, एलएनबी फोकसवर असतो आणि पॅराबोलाचं टोक खालच्या कडेजवळच येतं, म्हणून एलएनबीच्या तोंडापासून खालच्या कडेपर्यंत टेप लावा. भाचीचं उत्तर कागदावर 37, टेपवर जवळपास तेच. वरच्या कडेचं अंतर कागदावर 65 आलं होतं, तेही जुळलं. त्या वेळी तिने गच्चीवरून मामा मामा करून जी हाक मारली ती खालच्या किराणावाल्यालाही ऐकू गेली असेल.

प्रदर्शनात काय झालं ते आता सांगतो, कारण खरं दुखणं तेच आहे. परीक्षक म्हणून आलेल्या एका सरांनी विचारलं, याचा व्हर्टेक्स, म्हणजे पॅराबोलाचं टोक, दाखव. पोरीने बरोबर सांगितलं की सर, तो डिशवर नाहीये, खालच्या कडेच्या तीन-चार सेंटीमीटर खाली हवेत आहे, डिश हा पॅराबोलाचा फक्त तुकडा आहे. सर म्हणाले, व्हर्टेक्स नाही तर पॅराबोला कसला, आणि हे भंगार कशाला उचलून आणलं. पहिला नंबर कोणाला, तर थर्माकोलच्या झुलत्या पुलाला, एलईडी लावलेला. त्याची साखळी मोकळी लटकवलेली, रस्ता खाली वेगळा चिकटवलेला, आणि वर पाटी 'पॅराबोला'. अहो मोकळ्या लटकणाऱ्या साखळीचा पॅराबोला होत नाही, तिला कॅटेनरी म्हणतात. क्रिस्तियान हायगेन्सने 1646 साली दाखवलंय ते, तेव्हा तो 17 वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. साखळीवर रस्त्याचं वजन आडव्या अंतरात सारखं टांगलं तर पॅराबोला, ते त्या मॉडेलमध्ये नव्हतंच. हे सरांना कोण सांगणार, मी पालकही नाही, नुसता मामा.

दाजी घरी येऊन म्हणाले, बघ, मी सांगत नव्हतो.

मी आजही सांगतो दाजी, तुमचंच चुकलं. बारावी होऊन गेली तरी त्या पोरीला फोकस-डायरेक्ट्रिक्स विचारून बघा, झोपेतून उठवून विचारा. तुमच्या क्लासमधली पोरं सूत्र सांगतात पण अक्ष जरा तिरका केला की घाबरतात. या डिशचा अक्ष तिरकाच असतो, मधल्या उभ्या रेषेवर दर पाच सेंटीमीटरला खोली मोजून ग्राफ काढला की वाकडा ग्राफ येतो, तो साडेचोवीस अंशांत फिरवल्यावरच पुस्तकातला पॅराबोला दिसतो. एवढं एक काम केलं की अर्धा चॅप्टर झाला.

पुणे-नाशिक पट्ट्यात राहत असाल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या, डिश बघून या, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, पत्र्याच्या नाही, तारेची जाळी ताणलेल्या, फोकस 18.54 मीटरवर. यांचा फोकस मात्र बरोबर मध्यावर, चार पायांच्या सांगाड्यावर. खोली स्वतः काढा, 6.8 मीटर यायला पाहिजे. तुमच्या डिशशेजारी हा फोटो लावा आणि फरक लिहा.

हायपरबोला राहिला ना. षटकोनी पेन्सिलला शार्पनरने टोक काढा, रंग जिथे संपतो तिथे ज्या कमानी दिसतात त्या हायपरबोलाच, कारण शंकूला अक्षाशी समांतर सहा प्लेननी कापलंय. फुकटात चारही झाले.

बाकी सबमिशन परवावर आलं असेल तर डिशच्या मागे लागू नका, बटर पेपर घ्या, एक रेषा आणि एक बिंदू काढा, बिंदू रेषेवर येईल अशा भरपूर घड्या घाला, पॅराबोला उमटतो. रेषेऐवजी वर्तुळ आणि बिंदू आत घेतला तर एलिप्स, बाहेर घेतला तर हायपरबोला. तेही चांगलंच आहे. आणि मार्कांचं मी काही सांगू शकत नाही, परीक्षक कोण येतो त्यावर आहे, व्हर्टेक्सचा प्रश्न आला तर तोंडी सांगत बसू नका, पूर्ण पॅराबोला चार्टवर काढून त्यात डिशचा तुकडा लाल पेनाने रंगवूनच न्या. डिश चालू असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय नट सैल करू नका. आतून चकचकीत फॉइल लावून सोलर कुकर करायचा मोह होईल, तो मोठं कोणी बरोबर असेल तरच, फोकसपाशी हात आणि डोळे नेऊ नका.