लग्नाचा आवाज गेला कुठं? (वाचकांचे प्रश्न : कम्प्युटर-मोबाईल)

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्या भावाचं लग्न २००६ ला सेलूला झालं. त्याची शूटिंग करणाऱ्याचं दुकान आता बंद झालंय, पण भावानं त्याच्याकडून जुनी हार्डडिस्क आणली. त्यात लग्न-१ ते लग्न-४ अशा फायली आहेत, आणि प्रत्येक नावाच्या दोन-दोन. एक उघडते, चित्र एकदम छान, पण आवाज बिलकुल नाही. दुसरी उघडतच नाही. प्लेयर खाली ३९ मिनिटं दाखवायलाय पण घड्याळ लावून बघितलं तर व्हिडिओ ५२ मिनिटं चालतो, आणि पुढं ढकलला की भलतीकडंच जातो. पुतण्यानं नाव बदलून एमपी४ करून बघितलं, काही फरक नाही. यात आमची आजी वाढप्यांवर ओरडताना आहे, ती आता नाही, तिचा आवाज पाहिजे. न उघडणाऱ्या फायली खराब असतील तर डिलीट करून जागा करू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, आधी हात त्या डिलीटवरून बाजूला घ्या! आजीचा आवाज बहुतेक त्याच 'खराब' फायलीत आहे.

कुठल्याही फोल्डरमध्ये वर व्ह्यू म्हणून आहे, तिथं जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सला टिक करा. विंडोज नावाचं शेपूट लपवून ठेवतं म्हणून तुम्हाला दोन्ही फायली एकाच नावाच्या दिसायल्यात. शेपूट दिसलं की कळंल, मोठीला एम२व्ही आहे आणि लहानीला एसी३ (किंवा एमपी२, नाहीतर वेव्ह). एम२व्ही म्हणजे एमपेग-२ चं (डीव्हीडीवर व्हिडिओ साठवायची पद्धत) निस्तं चित्र, आवाज त्यात कधी नव्हताच, त्यामुळं तो गेला बिला काही नाही.

असं वेगळं का ठेवलं म्हणाल तर त्या काळी डीव्हीडी बनवायची रीतच ती होती. कॅमेऱ्याची टेप कम्प्युटरवर घ्यायची, कापाकापी करायची, 'शुभविवाह' वगैरे फुलं उडवायची, आणि मग सॉफ्टवेअर चित्राची एक फाईल काढायचं आणि आवाजाची दुसरी. डीव्हीडी लिहिताना दोन्हींची वेणी घालून व्हीओबी नावाच्या फायली व्हायच्या, डीव्हीडीतल्या व्हिडिओ टीएस फोल्डरात असतात त्या. वेणी घालायच्या आधीचे पेड दुकानदाराच्या डिस्कवर तसेच राहिले, ते तुमच्या हाती लागलेत.

३९ आणि ५२ चं कोडं मला लई आवडलं. एम२व्हीमध्ये वेळेचे शिक्के नसतात, म्हणजे हे चित्र अमुक सेकंदाला दाखव असं कुठं लिहिलेलं नसतं, ते शिक्के वेणी घालताना पडतात. मग प्लेयर अंदाज लावतो : फाईलच्या तोंडाशी वेग लिहिलेला असतो, समजा सेकंदाला ८ मेगाबिट, फाईलच्या आकाराला त्यानं भागलं की झाली मिनिटं. पण ८ हा जास्तीत जास्तचा आकडा असतो, नवरदेव नुसता पाटावर बसलेला असला की तेवढे बिट लागतच नाहीत, सरासरी ६ वर येते. ५२ मिनिटं गुणिले ६ भागिले ८, बरोब्बर ३९. तुमची फाईल २.१८ जीबीच्या आसपास असंल तर माझा हिशोब जमला समजा.

आवाजाच्या फाईलचाही आकार बघा, त्यावरून ती पूर्ण आहे का अर्धी हे कळतं. एसी३ बऱ्याचदा १९२ किलोबिटनं काढायचे, म्हणजे सेकंदाला २४,००० बाइट. ५२ मिनिटांचे ३,१२० सेकंद, गुणाकार ७ कोटी ४८ लाख ८० हजार, विंडोजच्या मापानं ७१ एमबी. वेव्ह असंल तर तेवढ्याच वेळाचे ५७१ एमबी होतात. फाईल २० एमबीचीच निघाली तर मात्र कॉपी अर्धवट झालीय, भावाला डिस्क परत जोडायला लावा.

नाव बदलून काही होत नाही हे पुतण्याला सांगा, गव्हाच्या पोत्यावर ज्वारी लिहिलं म्हणून भाकरी होत नसते.

आता करायचं काय. एमकेव्हीटूलनिक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते घ्या. त्यात लग्न-१ च्या दोन्ही फायली ओढून टाका, खाली दोन ओळी दिसतील, एक चित्राची एक आवाजाची, दोन्हींना टिक असू द्या आणि स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग दाबा. दोन-चार मिनिटांत एमकेव्ही फाईल तयार. यात चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही, निस्ती वेणी घातली जाते, शिक्के पडतात, ५२ मिनिटं ५२ दिसायला लागतात. व्हीएलसी या प्लेयरमध्ये लावून बघा. ही फाईल जपून ठेवायची, हीच तुमची मूळ प्रत.

आवाज ओठांच्या मागं-पुढं असंल तर सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या ओळीवर क्लिक करून उजवीकडं डिले टाकता येतो, मिलिसेकंदात. सुरुवातीला अर्धा सेकंद आणि शेवटालाही अर्धाच फरक असंल तर डिलेनं काम होतं. पण सुरुवातीला जुळतंय आणि मंगलाष्टकांपर्यंत चार सेकंद सरकलं असं असंल तर फ्रेमचा वेग चुकला असू शकतो, चित्राच्या ओळीवर फ्रेमच्या वेगाच्या चौकटीत 25fps टाका, आपल्याकडं टीव्हीचं पाल (PAL) नावाचं माप आहे, सेकंदाला २५ फ्रेम.

ही एमकेव्ही मोबाईलवर चालंलच असं नाही, एमपेग-२ आता बऱ्याच फोनना वाचता येत नाही. म्हणून दुसरी पायरी हँडब्रेक, व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. एमकेव्ही त्यात टाका, फॉरमॅट एमपी४, व्हिडिओ एच.२६४, क्वालिटी आरएफ १९-२० च्या दरम्यान. एम२व्ही थेट हँडब्रेकला देऊ नका, आवाजाची वेगळी फाईल त्याला जोडता येत नाही, परत मुकंच लग्न हाती येईल, म्हणून जोडणी आधी, कन्व्हर्ट नंतर.

आणि डीइंटरलेस चालू करायला विसरू नका. त्या काळचे कॅमेरे एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं घ्यायचे, एक ओळ सोडून एक, सेकंदाला अशी ५०. जुन्या टीव्हीवर ते कळायचं नाही, आताच्या स्क्रीनवर हलगीवाल्याचे हात बघा, कडेला कंगव्याचे दात दिसतात. फिल्टरमध्ये यॅडिफ आणि त्यात बॉब निवडलं की दात जातात आणि हालचाल मऊ होते. साईज ७२० बाय ५७६ आहे तीच राहू द्या, १०८० केलं म्हणून आजीच्या लुगड्याचे काठ जास्त स्पष्ट होणार नाहीत, उगं फाईल फुगंल.

चारपैकी एखाद्या भागाची जोडीदार फाईल नसलीच, तर घरात लग्नाची डीव्हीडी शोधा, ओरखडे असले तरी. तिच्या व्हीओबीत चित्र-आवाज दोन्ही असतात आणि त्याच एमकेव्हीटूलनिक्समध्ये ती टाकता येते. डीव्हीडीही नसंल तर ती कॅसेट, मिनी डीव्हीची, ती कुणाकडं आहे का विचारा, तिच्यात आवाज असतोच. यातलं काहीच नसंल तर तो भाग मुका ठेवा. माझ्या चुलतभावानं अशा ठिकाणी सिनेमाचं गाणं चिकटवलं, आता आत्या रडतायत आणि मागं नाचाचं गाणं!

प्रश्न : माझ्याकडं २००० च्या आसपासच्या कीर्तनाच्या सीडी आहेत, आत डॅट फाईल आहे. तीही मुकी फाईल असते का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही हो, ती व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी. तिच्यात चित्र आणि आवाज आधीच एकत्र आहेत, एमपेग-१ मध्ये, ३५२ बाय २८८. सीडीत एमपेगएव्ही फोल्डर उघडा, त्यातली डॅट फाईल कॉपी करून व्हीएलसीमध्ये लावा. चालली तर हँडब्रेकला द्या. कॉपी मध्येच अडकत असंल तर सीडी मऊ सुती कापडानं मधून कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राईव्हमध्ये लावून बघा, कधी कधी एका ड्राईव्हला जमत नाही ते दुसऱ्याला जमतं. आहे त्यापेक्षा चित्र चांगलं होणार नाही, पण बुवांचा आवाज ठणठणीत येईल.

प्रश्न : हे सगळं नेटवर फुकट कन्व्हर्ट करून देतात, मग सॉफ्टवेअरची कटकट कशाला?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : दोन जीबीची फाईल तुमच्या गावच्या नेटवरून चढवून बघा एकदा, तोवर बाजार करून याल. शिवाय घरच्या बायापोरांचे व्हिडिओ अनोळखी ठिकाणी का म्हणून द्यायचे? वर सांगितलेली दोन्ही सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ साईटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर जाहिरात म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका.