तीन वर्षांचा करार, सहा महिन्यांचा पगार

प्रश्न : मी मूळची पुण्याची. सध्या इंग्लंडमधल्या हडर्सफील्डमध्ये फार्मसिस्ट आहे, हातात महिन्याला अडीच हजार पौंड येतात. पती रग्बी लीगमध्ये सहायक प्रशिक्षक आहेत, पगार वर्षाला ४२ हजार. वॉरिंग्टनच्या बाजूच्या एका क्लबने त्यांना मुख्य प्रशिक्षकपद देऊ केलं आहे : तीन वर्षांचा करार, वर्षाला ९० हजार, प्ले-ऑफ (बाद फेरी) गाठल्यास १५ हजार बोनस, सहा महिन्यांची नोटीस. क्लबजवळ मोठं घर घेतोय, कर्ज ४ लाख पौंड. व्याजदर दोन वर्षांसाठी बांधून घ्यावा की पाच? बाकी गुंतवणूक ठीक आहे : पुण्यातल्या बँकेने सुचवलेल्या युलिपमध्ये (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना) दोन वर्षं ५-५ लाख रुपये भरले. त्यासाठी पतींनी क्लबच्या पेन्शनमधून नाव काढून घेतलं.

उत्तर : बाकी गुंतवणूक ठीक नाही. व्याजदराचं मागाहून बघू.

आधी करार. सहा महिन्यांची नोटीस असेल तर तुमच्या हिशेबात तीन वर्षं धरायचीच नाहीत. काढून टाकलं तर ४५ हजार, कर जाऊन जेमतेम ३१. आणि काढून टाकतात. ब्रायन मॅकडरमॉट यांनी लीड्स ऱ्हाइनोजला चार ग्रँड फायनल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिल्या. चौथी ऑक्टोबर २०१७ मध्ये. जुलै २०१८ मध्ये हातात नारळ. मग ते टोरांटो वुल्फपॅककडे गेले, संघाला सुपर लीग या वरच्या श्रेणीत नेलं, आणि २०२० मध्ये तो संघच हंगाम अर्धवट टाकून बाहेर पडला. उलटही होतं. ऑस्ट्रेलियात मायकल मॅग्वायर यांनी साउथ सिडनीला २०१४ चं विजेतेपद दिलं, २०१७ मध्ये त्यांना काढलं. वेस्ट्स टायगर्सने २०२२ मध्ये काढलं. २०२५ मध्ये त्यांच्याच हाताखाली ब्रिस्बेन ब्राँकोज विजेते झाले. दिवस पालटतात, पण कर्जाचा हप्ता तोवर थांबत नाही.

४ लाखांचा २५ वर्षांचा हप्ता पाच टक्क्यांनी महिना सुमारे २,३४० होतो. पतींची नोकरी गेली की तुमच्या अडीच हजारांतून उरतात दीडएकशे. बोनस तर कागदावरही धरू नका. मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी होते ती बहुधा संघ हरत असतो म्हणूनच.

शिवाय घर हलवायचंच कशाला? हल, कॅसलफर्ड, वेकफील्ड, लीड्सपासून वॉरिंग्टन, सेंट हेलेन्सपर्यंत निम्मी लीग एम-६२ महामार्गाच्या आसपास आहे आणि तुम्ही ऐन मध्यावर. पुढची नोकरी त्याच रस्त्यावर दुसऱ्या दिशेला असेल. तासभर गाडी चालवू द्या त्यांना. (हा खेळ मूळ रग्बीपासून वेगळा झाला तोच खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीच्या भांडणातून, १८९५ साली, तुमच्याच गावच्या जॉर्ज हॉटेलात. हडर्सफील्डकरांनी तरी पगार गृहीत धरू नये.)

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. क्लब पाच टक्के भरत होता ना? म्हणजे वर्षाला २,१०० पौंड फुकट मिळत होते. ते सोडून तुम्ही वर्षाला चारेक हजार पौंड अशा ठिकाणी टाकलेत, जिथून पाच वर्षं दमडी निघत नाही. ज्या घरातला एक पगार कधीही बंद पडू शकतो, त्या घराला हे विकलं कोणी? ‘करमुक्त’ हेही सांगितलंच असेल. फेब्रुवारी २०२१ नंतरच्या युलिपमध्ये वर्षाचा हप्ता अडीच लाखांवर गेला तर परिपक्वतेची रक्कम भारतातही करमुक्त राहत नाही. आणि तुम्ही ब्रिटनच्या रहिवासी, त्यामुळे नफ्यावर तिथेही कर. बँकेतल्या साहेबांना कमिशन मात्र मिळालं.

तिसरा हप्ता भरू नका. बंद करण्याचा दंड काही हजार रुपयेच आहे. दहा लाखांतून जे उरेल ते पाचव्या वर्षापर्यंत अडकून राहील, राहू द्या. पतींनी नव्या क्लबच्या पेन्शनमध्ये पहिल्या दिवसापासून नाव घालावं. तिथेही पाच टक्के मिळत असतील तर ९० हजारांवर त्यांचे साडेचार, क्लबचे साडेचार, आणि ४० टक्के कर वाचल्यावर खिशातून जातात फक्त २,७००.

आणि जुन्याच पगारात राहा. पेन्शन भरूनही महिना २,२०० जास्त येतील, वर्षाला २६ हजार. ते साध्या बचत खात्यात. दोन हंगाम टिकले तर तुमच्याकडे पतींच्या जुन्या पगाराची दीड वर्षाची भरपाई जमेल, मग घराचं बोलू.

आहे त्या घराचं कर्ज नव्याने बांधायची वेळ आली तर दोनच वर्षांसाठी बांधा. ऑस्ट्रेलियातून बोलावणं आलं तर पाच वर्षांच्या कर्जातून सुटताना दंड बसेल. आणि नोटिशीच्या काळात दुसरी नोकरी लागली तर उरलेले पैसे बुडतात का, हे सही करण्याआधी सॉलिसिटरकडून लेखी घ्या.