नॉयबर्गथालला पहिल्यांदा राहायला जातेयस ना, मग हे वाच

अगं, कॅनडातल्या मॅनिटोबात गुराख्याच्या त्या जुन्या मेनोनाइट (हा एक ख्रिस्ती पंथ) घरात चित्रं काढायला चाललीयस, मस्तच, पण हॉटेल समजून जाऊ नकोस. गाव १८७६ चं, एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, कित्येक घरांना गोठा चिकटूनच बांधलेला, म्हणजे थंडीत बाहेर न पडता गुरांकडे जाता येतं (आपल्या कोकणातल्या पडवीची आठवण झाली मला). अशा घरांत मधोमध विटांची भट्टी असायची, एका भट्टीवर आजूबाजूच्या खोल्या तापायच्या. दिसली तर स्केच कर, पण न विचारता पेटवू नको!

किराणा आधीच जवळच्या आल्टोना गावातून भर. तिथे व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची प्रचंड प्रतिकृती इझलवर उभी आहे, तीही बघ. जूनमध्ये डास फाडून खातात आणि जानेवारीत उणे तीसला जलरंग बाहेर नेलेस तर ब्रशवरच गोठतील, म्हणून मला विचारशील तर सप्टेंबर. आणि पहिले दोन दिवस काही काढायचंच नाही, नुसतं त्या रस्त्यावरून फिरायचं, कुणी भेटलं तर गप्पा मारायच्या. मी पहिल्याच दिवशी कॅनव्हास लावून बसले होते, सगळं फुकट गेलं.