सासूबाईंच्या ताटात काय येणार, हे आधी ठरवा

फ्रान्समधील ल्यों शहरातून एका वाचक भगिनींनी विचारले आहे: "सासू-सासरे साताऱ्याहून प्रथमच आमच्याकडे येत आहेत. त्यांच्या लग्नाला 40 वर्षे होत असल्याने सर्वांनी एखाद्या चांगल्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावे, असे यजमानांच्या मनात आहे. सासूबाई अंडेही खात नाहीत. सासरे मटण-मासे खातात, पण गोमांस त्यांना वर्ज्य आहे, शिवाय त्यांना मधुमेह आहे. माझ्या 13 वर्षांच्या मुलीला आम्ही वेटरला प्रश्न विचारू लागलो की लाज वाटते. बेत रद्द करून घरीच मसालेभात करावा का?"

बेत रद्द करू नका. मात्र हे जेवण नीट पार पडणार की नाही, हे टेबलावर बसल्यावर नव्हे, तर दोन दिवस आधी केलेल्या फोनवर ठरते, एवढे मनात पक्के धरा.

माझी आई पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा मी तो फोन केला नव्हता. कांद्याचे सूप म्हणजे कांदा, पाव आणि चीज, अशा समजुतीने मी तिच्यासाठी ते मागवले आणि तिने अर्धे वाडगे संपवल्यावर मला विचारावेसे वाटले. ते सूप गाईच्या हाडांच्या रश्शात शिजवलेले होते, आणि फ्रान्समध्ये त्याची नेहमीची रीतच ती आहे. मी तिला खरे ते सांगितले. तिने चमचा बशीत ठेवला, पदराने तोंड पुसले आणि ती काहीच बोलली नाही. परत जाईपर्यंत तिने घराबाहेर पाण्याखेरीज काही तोंडात घातले नाही. चूक माझीच होती, आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मांस पदार्थाच्या नावात दिसत नाही, ही खरी अडचण आहे. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, भाजीवरच्या सॉसला हाडांच्या रश्शाचा आधार असतो, मूस या फेसाळ गोड पदार्थात कच्चे अंडे आणि काही गोड पदार्थांत जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन असते. युरोपीय नियमांनुसार रेस्टॉरंटला 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्या यादीत अंडे, दूध व मासे आहेत, म्हणून अंड्याची खात्री तुम्हाला तिथून करून घेता येईल. पण मांस, जिलेटिन आणि चीज विरजण्यासाठी वापरले जाणारे वासराच्या पोटातले रेनेट त्या यादीत नाही, त्यामुळे ते स्वतंत्रपणे विचारावेच लागते. फोनवर नुसते 'शाकाहारी' म्हणणे पुरत नाही, कारण तिथल्या शाकाहारात अंडे सहज बसते. मांस नको, मासे नको, अंडे नको आणि मांसाचा रस्साही नको, असे चारही नकार स्पष्ट सांगा, आणि त्या दिवशी काय करून देता येईल हे त्यांनाच विचारा. दोन दिवसांचा अवधी मिळाला तर रातातुई म्हणजे वांगी-टोमॅटोची मिश्र भाजी किंवा ग्रातँ म्हणजे दूध-मलईत भट्टीत भाजलेला बटाटा जमवून देणारी स्वयंपाकघरे भेटतात, आणि नाही म्हणणारे निदान आधी नाही म्हणतात.

हा फोन मुलीला करू द्या. तिची भाषा तुमच्यापेक्षा सफाईदार असेल, घरून फोन करताना तिच्याकडे बघणारे परके कोणी नसते, आणि आजीच्या पानात काय येणार हे तिनेच ठरवलेले असले की टेबलावर लाज वाटण्यासारखे काही उरत नाही.

ल्योंमध्ये पाहुण्यांना हटकून 'बुशों' नावाच्या जुन्या खाणावळीत नेतात. तुम्ही तो मोह टाळावा असे मला वाटते, कारण तिथला स्वयंपाक आतडी, डुकराचे मांस आणि सॉसेज यांवरच उभा आहे. तिथला एक पदार्थ मात्र सासूबाईंना ओळखीचा वाटेल. 'सेर्वेल द कान्यू' या नावाचा अर्थ रेशीम विणणाऱ्याचा मेंदू असा होतो, पण प्रत्यक्षात ते ताजे पांढरे चीज असते: चक्क्यासारखे मऊ, वरून लसूण, कांद्याच्या जातीचे शॅलट आणि हिरवी चिरलेली पात घालून फेटलेले. त्यातही रेनेट असू शकते, हे आधी घरी सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. चालेल म्हणाल्या तर उत्तम. नको म्हणाल्या तर 'थोडेसेच घ्या' असा आग्रह कोणी करू नये. कुणी कोणता नेम पाळायचा, हे दुसऱ्याने ठरवायचे नसते, आणि 'त्यांना कुठे कळणार आहे' हा विचार तर घरात कोणाच्याही मनात येऊ देऊ नका.

सासऱ्यांसाठी रात्रीऐवजी दुपारचे जेवण ठेवा. संध्याकाळी बहुतेक स्वयंपाकघरे सात-साडेसातच्या आधी सुरू होत नाहीत आणि मुख्य पदार्थ यायला आणखी तासभर सहज जातो. मधुमेह असलेल्या माणसाने इतका वेळ उपाशी बसू नये. दुपारी बारा-साडेबाराला टेबल मिळते, आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ठरावीक पदार्थांचे जेवण रात्रीपेक्षा स्वस्तही पडते. गोळी किंवा इन्सुलिनची वेळ डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच सांभाळा आणि पावाची टोपली व नळाच्या पाण्याची सुरई बसल्याबसल्या मागवा. या दोन्हींचे वेगळे पैसे पडत नाहीत. 'बफ' म्हणजे गोमांस आणि 'व्हो' म्हणजे वासराचे मांस, हे दोन शब्द त्यांना लिहून द्या. मुलांच्या जेवणातला 'स्तेक आशे' हा गोमांसाच्या खिम्याचाच असतो.

आत शिरताच आधी 'बोंजूर' म्हणावे, मग बाकीचे बोलणे. सेवेचे पैसे बिलात धरलेलेच असतात, त्यामुळे वेगळी टिप देण्याचे बंधन नाही. तिथे सगळ्यांची पाने वाढून झाल्याशिवाय कोणी सुरुवात करत नाही. पंगतीत बसलेल्या सासूबाईंना हे शिकवावे लागणार नाही. आपल्या ताटातले नातवंडांना काढून देण्याची सवय त्यांना असेल, तर एक रिकामी ताटली आधीच मागून ठेवा.

गोडाचे मात्र फोनवरच ठरवून घ्या. क्रेम ब्रूलेत अंड्याचा बलक असतो आणि टार्टच्या पारीतही अंडे असू शकते. ताजी फळे कापून देता येतील का, असे मुलीला विचारायला सांगा, आणि लग्नाचा वाढदिवस असल्याचेही त्याच फोनवर कळवा, म्हणजे मेणबत्ती लावायची झाल्यास ती अंड्याच्या केकवर न लावता त्या फळांच्या ताटलीत लावतील.