नेट दोन्हीकडे चालतं, मग कॉम्प्युटर एकमेकांना का सापडत नाहीत?

प्रश्न (सदाशिव पेठ): खाली दुकानात इंटरनेटवाल्याने दिलेला राऊटर आहे. त्यातून वायर नेऊन वरच्या मजल्यावर दुसरा लावला. वरच्या लॅपटॉपवरून दुकानातलं शेअर केलेलं फोल्डर उघडतं, पण दुकानातून लॅपटॉपचं उघडत नाही.

एकाच बाजूने चालतंय, म्हणजे वायर वरच्या राऊटरच्या वॅन पोर्टात (इंटरनेटची वायर लावायच्या खाचेत) आहे. तशी लावली की तो आपलं वेगळं बिऱ्हाड थाटतो. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघा. खाली १९२.१६८.१.२५ आणि वर १९२.१६८.०.१० असं काही दिसेल. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे नेटवर्क वेगळं. लॅपटॉपची मागणी वरचा राऊटर स्वतःचा पत्ता लावून खाली पाठवतो आणि आलेलं उत्तर लॅपटॉपला देतो. उलट दिशेला दुकानातल्या राऊटरला १९२.१६८.०.१० कुठे आहे याचा पत्ताच नसतो. तो ती मागणी इंटरनेटकडे सोडून देतो.

वरच्या राऊटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (यात तो वेगळं नेटवर्क न करता खालचंच पुढे नेतो) असेल तर तो निवडा, एवढंच पुरतं. नसेल तर आधी वॅनमधली वायर काढा. ती तशीच ठेवली तर बरेच राऊटर नवा पत्ता घेतच नाहीत. लॅपटॉप वायरने त्याच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेला) जोडा, राऊटरचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा (दुकानातला राऊटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या, म्हणजे डीएचसीपी रेंजच्या, बाहेरचा हवा), नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, डीएचसीपी बंद करून सेव्ह करा. मग खालून आलेली वायर लॅन पोर्टात लावा. वॅन रिकामाच राहील. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर दोन राऊटर पत्ते वाटत बसतील, आणि ज्याला वरच्याचा मिळेल त्याचं नेट गायब. हा घोळ कधी होतो, कधी होत नाही, म्हणून शोधायला फार छळतो.

प्रश्न (भोसरी): वर्कशॉप (१९२.१६८.०) आणि ऑफिस (१९२.१६८.१) मुद्दामच वेगळी ठेवली आहेत. ऑफिसच्या मुख्य राऊटरमध्ये स्टॅटिक रूट (दुसऱ्या नेटवर्ककडे जायचा हाताने लिहिलेला रस्ता) टाकला, तरी वर्कशॉपच्या पीसीला पिंग केलं (तो उत्तर देतो का तपासलं) की 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट'.

रूटमध्ये डेस्टिनेशन १९२.१६८.०.०, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे म्हणून वर्कशॉपच्या राऊटरचा वॅन आयपी हवा. तो आयपी रिझर्व्ह करून ठेवा, नाहीतर बदलला की रूट कुचकामी. वर्कशॉपच्या राऊटरचं नॅट (आतल्या सगळ्यांच्या जागी स्वतःचा पत्ता लावणं) बंद हवं आणि त्याच्या फायरवॉलने (बाहेरचं अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) वॅनकडून येणारं अडवू नये. घरगुती राऊटरमध्ये हे बहुधा जमतच नाही. तिथे पहिल्या उत्तरातला मार्गच बरा.

एवढं करूनही अडलं तर वर्कशॉपच्या पीसीवरचा विंडोज फायरवॉल बघा. प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये पिंग आणि फाइल शेअरिंगचे नियम मुळात 'लोकल सबनेट'पुरतेच, म्हणजे स्वतःच्या नेटवर्कपुरतेच, असतात. इनबाउंड रूल्समधल्या त्या नियमांच्या 'स्कोप'मध्ये १९२.१६८.१.०/२४ (ऑफिसचं सगळं नेटवर्क) घाला. फायरवॉल दोन मिनिटं बंद करून चाचणी घ्या, कायमचा बंद ठेवू नका. 'नेटवर्क'मध्ये नाव दिसायची वाट मात्र बघू नका. नावं शोधणारा पुकारा राऊटर ओलांडत नाही. थेट आयपी टाकूनच उघडा.

प्रश्न (कोथरूड): हडपसरच्या घरातल्या पीसीसाठी तिथल्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी ठरलेल्या पीसीकडे वळवणं) केलं, काही उपयोग नाही.

त्या राऊटरचा वॅन आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेटवाल्याच्याच नॅटमागे आहात. पोर्ट कितीही उघडा. पब्लिक स्टॅटिक आयपी मागा, किंवा दोन्ही पीसीवर टेलस्केल (दोघांना एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप) टाका.