पोराला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस

प्रशिक्षक म्हणून तुझ्या हाती सोळा वर्षांचा असा मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा फुटबॉलपटू, लागला, मलाही फार आनंद झाला. पण आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एक सामना गाजवला की दुसऱ्या दिवशी गल्लीत फलक लागतो, रील फिरतात. पोरापेक्षा घरचेच जास्त वाहवत जातात. म्हणून आधी त्याच्या आई-वडिलांना भेट.

खरी काळजी पायांवरच्या भाराची. स्पेनच्या पेद्रीचं आठव, तोही मिडफिल्डरच. २०२०-२१ च्या हंगामात बार्सिलोना क्लब आणि स्पेनचा संघ मिळून ७३ सामने, वय अवघं १८. युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, संपून महिना होत नाही तोच टोकियो ऑलिंपिकची फायनल! पुढचा हंगाम मांडीच्या दुखापतीने खाल्ला. तुझा पोरगा शाळेकडूनही खेळतो आणि तालमीच्या (आपल्याकडे तालीम मंडळांचे फुटबॉल संघ असतात ना, त्या) मोठ्या संघातूनही, हे मला अजिबात पटलेलं नाही. वही कर, आठवड्यात तो किती मिनिटं खेळला ते लिही, आणि एका संघाला सरळ नाही म्हण. लोक रागावतील, रागावू देत.

त्याचे गोल मोजू नकोस. पास येण्याआधी तो मान वळवून मागे किती वेळा बघतो, ते मोज; आजूबाजूला कोण आहे हे त्याला चेंडू येण्याआधीच कळायला हवं. माझा एक पोरगा डाव्या खांद्यावरून कधी बघायचाच नाही. मी मागे उभा राहून बोटं वर करायचो, त्याने आकडा ओरडायचा आणि मगच चेंडू घ्यायचा. सहा आठवडे लागले, पण सवय लागली.

कुणी एजंट घरी आला तर सही करण्याआधी मला फोन कर. रात्री-अपरात्रीही चालेल.