न्यू जर्सीत हायस्कूलच्या टेनिस टीममध्ये शिरणं इतकं अवघड का झालंय?

तुमची मुलगी नववीत आहे, उन्हाळी शिबिरांत टेनिस शिकलेली आहे, तरी ट्रायआउटच्या, म्हणजे टीमच्या निवड चाचणीच्या, पहिल्याच यादीतून तिचं नाव गेलं. मोठा भाऊ त्याच शाळेत आरामात खेळला होता, मग आताच काय झालं, हा तुमचा प्रश्न. माझी दोन्ही मुलं इथल्याच शाळांत शिकली, त्यामुळे जे बघितलंय ते सांगते.

आधी साधा हिशोब बघा. इथे शाळा-शाळांच्या टेनिस सामन्यात तीन सिंगल्स आणि दोन डबल्स असतात. म्हणजे खेळणारे सात. शाळेत आठशे मुलं असोत की अडीच हजार, सातच. खाली ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे शाळेची दुसरी टीम, असते, पण कोर्टं मोजकीच, त्यामुळे तिथेही किती मुलं घेणार? त्यात एडिसन, प्लेन्सबरोसारख्या गावांत आपली भारतीयांची वस्ती. टेनिसमध्ये हाडं मोडत नाहीत आणि कॉलेजच्या अर्जात तो शोभून दिसतो, म्हणून घरोघरी टेनिसच. स्पष्ट बोलायचं तर गर्दी आपणच केली आहे.

ट्रायआउट दोन-तीन दिवस चालते, पण निकाल कित्येक वर्षं आधीच लागलेला असतो. कोच आठ गेमचा सेट लावतात. जिंकलात तर वरच्या कोर्टावर, हरलात तर खालच्या. शिबिरात शिकलेली मुलगी पहिली सर्व्हिस चुकली की दुसरी अलगद टाकते. खासगी अकादमीत वर्षानुवर्षं शिकलेली मुलगी त्याचीच वाट बघत असते. दोन पावलं पुढे येते आणि चेंडू कोपऱ्यात मारून मोकळी होते. तीन-चार गेममध्ये कोचला काय ते कळतं. कोचचा तरी काय दोष?

देशभरात शालेय खेळाडू कमी झालेत असं मुळीच नाही. 2023-24 मध्ये हा आकडा पहिल्यांदाच 80 लाखांवर गेला (दोन खेळ खेळणारं मूल त्यात दोनदा मोजलं जातं, ते सोडा). अडचण आहे ती मोठ्या उपनगरी शाळांत आणि मोजक्या जागांच्या खेळांत: टेनिस, बास्केटबॉल, गोल्फ.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगून ठेवलंय की मुलांना पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. आणि शाळेची टीम निवडतात चौदाव्या वर्षी! मग डॉक्टरांचं कोण ऐकणार? शाळा आपल्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालते, पण तिच्या टीमचं तिकीट खासगी अकादमीत काढावं लागतं. ज्यांना ती फी झेपत नाही त्यांच्या मुलांनी काय करायचं?

तुमच्या मुलीसाठी: क्रॉस कंट्रीत (मोकळ्या मैदानांतून लांब पल्ल्याचं धावणं) बऱ्याच शाळा कोणालाच टीममधून कापत नाहीत. व्हर्सिटीच्या, म्हणजे मुख्य टीमच्या, शर्यतीत तिथेही सातच धावतात, पण बाकीच्यांना ज्युनिअर व्हर्सिटीची शर्यत मिळते. मुलींच्या टेनिसचा आणि क्रॉस कंट्रीचा सीझन एकच असतो, म्हणून आजच विचारा. उशीर झाला असेल तर वसंतात ट्रॅक आहे. शाळेत फेन्सिंग असेल तर तेही बघा, हिवाळ्यात असतं आणि नववीत पहिल्यांदा तलवार धरणारी मुलं तिथे पुष्कळ भेटतात.

टेनिसच हवं असेल तर कोचला मेल मुलीनेच करावी, तुम्ही नको. "मला का घेतलं नाही" हे विचारू नये. पुढच्या ऑगस्टपर्यंत कशावर मेहनत घेऊ, एवढंच विचारावं. उत्तर बहुधा दुसरी सर्व्हिस हेच येईल.